काठापर्यंत

कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की चांगुणा उठून उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहायची. शिट्टी होऊन वाफ बसली, की मगच पदराने तोंड पुसत आत यायची. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोरचा रामहरी तर आपल्या ओट्यावरून ओरडायचा, "काकू, झाली शिट्टी, जावा आत! डाळ वाट बघायलीय!"

चांगुणा त्याला उलट बोलायची नाही. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की ती दळणाचा डबा दारात ठेवून लांब उभी राहायची. यात्रेतल्या पाळण्याकडे तिला बघवायचं नाही. लग्नात वरातीचा जनरेटर सुरू झाला, की ही बाई नवरीला बघायचं सोडून त्याच्या फिरत्या चाकाजवळ कुणाचं पोर तर गेलं नाही ना, हे बघत बसायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं खोटं नव्हतं, आणि तिचंही.

ही भीती जन्मापासूनची नव्हती. माहेरी, वळसंगला, ती विहिरीच्या कठड्यावरून सूर मारणारी पोर होती. भीती लागली ती लग्नानंतर, आणि कधी लागली तेही तिला नेमकं सांगता आलं असतं.

तिचा नवरा सिद्राम तेव्हा अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा. त्यांची खोली कारखान्याच्या भिंतीला लागूनच होती. मागांचा खडखडाट दिवसभर भिंतीतून घरात यायचा. मांडणीवरची भांडी थरथरायची, तान्ह्या लेकीचा, तेजश्रीचा पाळणासुद्धा जणू त्याच तालावर हलायचा. चांगुणाच्या कानांना त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच यायचा नाही. आणि एका सकाळी तो आवाज थांबायला लागला. आधी एक माग थांबला, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. ती भाकरी थापत होती. वीज गेली असती तर सगळे एकदम बंद पडले असते. हे तसं नव्हतं. आत कुणीतरी धावत एकेक माग हाताने बंद करत होतं. शेवटचा थांबला आणि जी शांतता पसरली, तशी तिने त्याआधी कधी ऐकली नव्हती. पिठाच्या हातानेच ती पळत सुटली.

सिद्रामच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. चादरीचा काठ गुंतला म्हणून त्याने चालू मागात हात घातला. चाकाने कापड ओढलं आणि कापडाने हात. "कापडानं नेलं मला," एवढंच तो दवाखान्यात म्हणत राहिला.

तेव्हापासून जे जे फिरतं त्याची तिला भीती. आणि सगळ्यांत जास्त भीती सिद्रामच्या राहिलेल्या बोटांची.

पुढे तो कारखाना बंद पडला. सिद्रामने एक जुनी डिझेल जीप घेतली आणि मंद्रूपच्या रस्त्यावर वडाप सुरू केलं, म्हणजे वाटेत हात करतील ती माणसं भरायची आणि आपापल्या गावी उतरवायची. माग सुटला, पण मागाने बोटांबरोबर त्याचे कानही अर्धेअधिक नेले होते. मोठ्याने बोललं तर ऐकू यायचं, तोंडाकडे बघून बोललं तर आणखी बरं. गाडीचा आवाज मात्र त्याला नुसता पायाला जाणवायचा. सकाळी गाडी सुरू केली की तो खिडकीतून मान काढून विचारायचा, "कसं वाजतंय?"

चांगुणा दारात उभी राहून सांगायची. आज खोकतंय. आज दमल्यावानी करतंय. आज बरं हाय. गाडीचं बाकी काही तिला कळत नव्हतं, पण मागाचा एक आवाज ओळखायला उशीर झाला ही टोचणी तिच्या मनातून गेली नव्हती, म्हणून ती जिवाचे कान करून ऐकायची. दिवसभर मग घरात तिचं लक्ष रस्त्याकडे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा खडखड आवाज आला, की ती चहाचं आधण ठेवायची आणि तो आत आल्यावर आधी त्याच्या हातांकडे बघायची. त्यालाही ते माहीत होतं. तो दोन्ही पंजे तिच्यापुढे धरून म्हणायचा, "घे, हायती सगळी. जेवढी दिलती तेवढीच आनलीत."

या उन्हाळ्यात जीप काळा धूर ओकायला लागली. चढाला दम धरीना. मेकॅनिक युवराजने बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं, की हवेचा रबरी पाइप चिरला आहे, डिझेलचा फिल्टर गाळाने भरला आहे आणि डिझेलच्या नळ्याही वाळून कडक झाल्यात. पण त्याच आठवड्यात तो आपल्या गावच्या यात्रेला निघून गेला. इकडे तेजश्रीचे दिवस भरत आले होते. तिला मंद्रूपहून माहेरी आणायचं ठरलं होतं, आणि अवघडलेल्या लेकीला दुसऱ्याच्या गाडीत बसवायला सिद्राम काही केल्या तयार होईना.

"त्यात काय हाय?" तो म्हणाला. "जुनं काढायचं, नवं बसवायचं. युवराजला कितीदा बघितलंय की मी."

"बघनं निराळं," चांगुणा म्हणाली.

"हितं बघ." त्याने फोन तिच्यापुढे धरला. कुणीतरी पगडीवाला माणूस हिंदीत फिल्टर बदलून दाखवत होता. सिद्रामने आवाज पूर्ण वाढवलेला, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं.

"सिद्रामकाका, आम्हाला पाठ झालं बघा आता!" रामहरी समोरून ओरडला. "एअर क्लिनर के क्लिप खोलिये! खोला की!"

सुट्टीच्या दिवशी दुपारची उन्हं कलल्यावर सिद्रामने दारासमोरच जीप लावली आणि बॉनेट उघडलं. चांगुणाने आधी आपल्या दोन अटी घातल्या. एक, बॅटरीची वायर काढायची. दोन, किल्ली तिच्याकडे.

"वायर काढल्यावर किल्ली कशाला?"

"द्या म्हनते ना."

त्याने किल्ली दिली. तिने ती पदराच्या टोकात बांधली, दोन गाठी मारल्या आणि पदर कमरेला खोचला. मग तेजश्रीसाठी करायच्या शेंगापोळ्यांचा सगळा पसारा तिने स्वयंपाकघरातून उचलून बाहेर आणला. गूळ-शेंगदाण्याचं सारण, मळलेली कणीक, पोळपाट, लाटणं. ते सगळं तिने उंबऱ्यातच मांडलं. तिथून सिद्रामचे हात दिसत होते. पोळी लाटायची, आत जाऊन तव्यावर टाकायची, आणि ती भाजेस्तोवर दोनदा येऊन हात बघून जायचे, असं तिचं चाललं होतं.

कामात सिद्राम खुश होता. जुना पाइप ओढून काढला तेव्हा तो मधोमध उलला होता. त्याने बोट घालून तिला दाखवलं. "बघ, हितनं धूळ खात हुतं. इंजिनाला दोनच गोष्टी लागतेत. डिझेल आन वारा. हे त्याचं नाक." त्याने एअर क्लिनरच्या वरच्या तोंडावर थोपटलं. पाण्याच्या पेल्याएवढं गोल तोंड आभाळाकडे उघडं होतं. त्याची टोपी धुऊन त्याने भिंतीच्या खुंटीला वाळत टाकली होती. "हे नाक दाबून धरलं की केवढं बी इंजिन असू दे, मरतंय."

"मरायचं कशाला बोलताय, काम करा," चांगुणा म्हणाली.

नवा पाइप बसला. त्याच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या त्याने इतक्या आवळल्या की कपाळाच्या शिरा फुगल्या. नवा फिल्टर बसला. नळ्या बसल्या. प्रत्येक वेळी त्याचा हात इंजिनाच्या पोटात गेला की चांगुणाचं लाटणं थांबायचं आणि बाहेर आला की चालू व्हायचं. एक पोळी एका बाजूने जाड आणि एका बाजूने कागदासारखी झाली.

राहिली शेवटची दोन कामं. डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा काढायची होती, त्यासाठी सिद्राम चाकाशी आडवा होऊन आत शिरला. आणि एअर क्लिनरच्या खालच्या वाटीत नवं तेल घालायचं होतं. या जुन्या गाड्यांना कागदाचा फिल्टर नसतो. वाटीत तेल असतं, आत जाणाऱ्या वाऱ्यातली धूळ त्या तेलात अडकते. वाटी रॉकेलने धुऊन ओट्यावर ठेवली होती. पण ती ओशट, आणि डाव्या हाताला बोटं कमी. मघाशी एकदा ती त्याच्या हातातून सटकून गटारीत जाता जाता राहिली होती.

"चांगुणे," तो गाडीखालून ओरडला, "तेवढं तेल वत त्यात. काठापर्यंत भर. आन बसवून टाक, क्लिपा हायत बाजूला."

चांगुणाने कणकेचे हात पुसले. भीती होतीच, पण वाटी काही फिरत नव्हती. तिने डब्यातलं तेल बारीक धारेने वाटीत ओतलं. वाटीच्या आतल्या बाजूला, निम्म्याच्याही खाली, एक बारीक रेघ उठलेली होती. ती तिने बघितली आणि सोडून दिली. भांड्यांना अशा रेघा असतातच. समईत तेल घालावं तसं जपून घालत तिने वाटी काठोकाठ भरली, थेंबही न सांडता बॉनेटपर्यंत नेली, खालून वर लावली. वाटी वर बसताना कडेने तेल बाहेर आलं आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"अवो, उतू आलं की हे!"

"व्हय व्हय," गाडीखालून आवाज आला. "क्लिपा लाव."

तिने क्लिपा लावल्या. सांडलेलं पुसून घेतलं. एवढं आपल्या हातून झालं याचं तिला जरा बरंही वाटलं.

सिद्राम बाहेर आला, वायर जोडली आणि हात पुढे केला. पदराच्या गाठी सुटेनात. शेवटी तिने त्या दातांनी सोडवल्या. किल्ली देताना ती म्हणाली, "चालू असताना आत हात घालायचा न्हाय."

"न्हाय घालत."

"बाबासायबांच्या फोटोकडं बघून म्हना."

तो दारातून आत, भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "न्हाय घालत." रामहरीने ओट्यावरून टाळ्या वाजवल्या.

गाडी थोडी कुरकुरली आणि सुरू झाली. सिद्रामने खिडकीतून मान काढली. चांगुणा उंबऱ्यात पोळपाटापाशी बसून ऐकत होती. आवाज स्वच्छ होता. खोकला नव्हता, दम नव्हता. तिने हात उंच करून, छान आहे, अशी खूण केली. त्याचा चेहरा फुलला आणि त्याने पाय दाबला.

आवाज वर गेला. सिद्रामने पाय काढला. आवाज खाली आला नाही.

आधी तिलाच कळलं. तो आवाज एकेक पायरी चढत होता, कुणी बोलावल्यासारखा. "बंद करा!" ती ओरडली. सिद्राम हसला. तिला आनंद झाला आहे असं त्याला वाटलं. "अवो, बंद करा की वो!" तेवढ्यात मागून पांढरा-निळा धूर लोटला आणि रामहरीचा ओटा दिसेनासा झाला, तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने किल्ली फिरवली. काही झालं नाही. डिझेल तोडायची जी तार डॅशबोर्डखाली असते ती त्याने ओढली, मुळासकट उपटून येईल इतकी ओढली. तरी काही झालं नाही. इंजिनाला आता डिझेल नकोच होतं. ते दुसरंच काहीतरी पीत होतं आणि चढत होतं.

जीप जागच्या जागी थडथडायला लागली. आता तो खडखडाट राहिला नव्हता, एक लांबच लांब किंचाळी झाली होती. कुणीतरी पोरांना ओढून घरात घेतलं. दारं लागली. रामहरी धुरातून ओरडत होता, "काका, उतरा! पळा! फुटंल ते!" खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. चांगुणाच्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरायला लागली, अगदी तशीच, जशी त्या जुन्या खोलीत थरथरायची.

उंबऱ्याला धरून ती बसली होती तशीच बसली. पळायचं तर पायांत बळ नव्हतं आणि डोळे मिटायचे तर हिंमत नव्हती, कारण सिद्राम गाडीतून उतरला होता आणि पळाला नव्हता. तो बॉनेटकडे गेला होता.

आधी त्याने नवा पाइप उपटायचा प्रयत्न केला. पण पट्ट्या त्यानेच आवळलेल्या होत्या. मग त्याने सीटवरची चादर ओढली, तिची घडी केली आणि ती एअर क्लिनरच्या उघड्या तोंडावर दाबली. इंजिनाने चादरीचा कोपरा धरला आणि आत ओढला. चादर त्याच्या हातातून सर्रकन जायला लागली आणि तिच्याबरोबर हात.

कापडानं नेलं मला.

सिद्रामलाही ते आठवलं असावं. त्याने सगळं अंग मागे टाकून चादर ओढली. ती फाटली, अर्धी त्याच्या हातात आली, तो मागे कोलमडला आणि पुन्हा उठला. आता त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने उजवा हात वर उचलला, पंजा पसरला, पाचही बोटांचा. तो चांगला हात. आणि तो त्या तोंडावर झाकण ठेवल्यासारखा ठेवायला निघाला.

चांगुणा ओरडली. तो ओरडा तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

मग काय झालं ते तिला नीट आठवत नाही. पाय कुठून आले, उंबरा कसा ओलांडला, धुरातून कशी गेली, काही नाही. एवढं आठवतं, की हातात जड, गोल, पिठाळ काहीतरी होतं आणि त्याचा हात खाली येत होता. तिने त्या हाताखालून पोळपाट सारला, पालथा, लाटायची बाजू खाली करून.

पोळपाट तिच्या हातातून कुणी हिसकावून घ्यावा तसा त्या तोंडाला चिकटला. नवा रबरी पाइप गाल आत ओढल्यासारखा चपटा झाला. इंजिन एकदा गचकलं. परत गचकलं. सगळी जीप डावीकडून उजवीकडे हलली आणि थांबली.

शांतता पसरली.

ती शांतता चांगुणाला आवाजापेक्षा भयंकर वाटली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. हात पोळपाटावर होते आणि त्या हातांवर दुसरे हात होते, ओशट, गरम. ते कुणाचे, किती, पुरे आहेत की नाहीत, हे बघायची तिची छाती होईना.

"सोड आता," सिद्राम तिच्या कानाशी म्हणत होता. "अगं, मेलं ते. सोड."

तिने सोडलं नाही. डोळे मिटूनच तिने त्याचा उजवा हात चाचपला. अंगठा. मग एकेक करत करंगळीपर्यंत. मग डावा. तिथे जेवढं असायचं तेवढं होतं. तेव्हा तिने डोळे उघडले आणि गाडीच्या चाकाला टेकून मातीतच खाली बसली. सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात तिला थंडी वाजत होती.

धूर विरल्यावर माणसं बाहेर आली. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. रामहरीचं तोंड पांढरं पडलं होतं. तो नुसता पोळपाट उचलून बघत राहिला. लाटायच्या बाजूला पिठात एक गोल ठसा उमटला होता आणि कडेला अर्धी लाटलेली शेंगापोळी अजून चिकटून होती.

सिद्रामने युवराजला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकला. यात्रेतल्या हलगीच्या गलक्यातून युवराज विचारत होता, "वाटीत तेल किती हाय बघा आधी."

सिद्रामने वाटी उतरवली. तळाला थोडं शिल्लक होतं.

"अगं, एवढं तेल गेलं कुटं?"

"इंजिनात गेलं, काका!" फोनमधून युवराज ओरडला. "जास्त भरलं की वाऱ्याबरोबर तेच वढून घेतंय. तार वढून उपेग काय? डिझेल कुटं खात हुतं ते! किती भरलतं?"

सिद्रामने चांगुणाकडे बघितलं.

"काठापर्यंत," ती मातीतून म्हणाली. "तुमीच म्हनला की. काठापर्यंत."

"मग? काठापर्यंतच म्हनलो." त्याने वाटी तिच्यापुढे धरली आणि आतल्या रेघेवर बोट ठेवलं. "हा काठ."

"ती रेघ हाय." तिने बोट वाटीच्या ओठावर ठेवलं. "हा काठ."

सिद्रामने वाटी खाली ठेवली. मग त्याने फाटलेल्या चादरीचा तुकडा उचलला. टोकापासून टीचभर आत विणलेल्या लाल पट्टीवर त्याने बोट ठेवलं. सगळा जन्म तो जिला काठ म्हणत आला, ती रेघ. कारखान्यात कुठल्याही माणसाला विचारलं असतं, तर त्याने तिलाच काठ म्हटलं असतं. आणि भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर तिने चांगुणासारखंच बोट ठेवलं असतं.

सिद्रामला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. फोनमधला युवराज "काय झालं, काय झालं" विचारत होता. रामहरीही हसायला लागला, सुटल्यासारखा, जास्तच मोठ्याने. चांगुणाला हसू आलं नाही. ती आपल्या कोपरावरच्या तेलाच्या ओघळाकडे बघत होती. एवढी वर्षं त्या हातांची राखण केली, आणि आज त्या हातांवर ते इंजिन तिनेच सोडलं होतं. तिला रडू फुटलं. सिद्रामने हसणं थांबवलं, तिच्याशेजारी मातीत बसला आणि दोन्ही पंजे तिच्या मांडीवर ठेवले. बराच वेळ ठेवले.

युवराजने काय काय करायचं ते सांगितलं. पाइप काढून आतलं तेल पुसायचं, इंजिनाचं तेल तपासायचं, वाटी धुऊन परत भरायची. एवढ्यावर थांबलं म्हणून वाचलं, म्हणाला. ते सगळं सिद्रामने दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. वाटी मात्र चांगुणाने भरली. तो नको म्हणत होता, तिनेच हट्ट धरला. थेंब थेंब तेल सोडत ती गेली, तेल रेघेला लागलं तिथे तिने डबा सरळ केला आणि वाटी सिद्रामपुढे धरली.

"ह्यो तुमचा काठ," ती म्हणाली. "बघा. नीट बघा."

त्याने वाकून बघितलं.

नाकावरची टोपी तिने लावू दिली नाही. पोळपाट धुऊन आणला होता. तो तिने दोन्ही हातांत धरला आणि त्या उघड्या तोंडाच्या वर, वीतभर अंतरावर, धरून उभी राहिली. पदर कमरेला घट्ट खोचलेला. गल्लीतली निम्मी माणसं ओट्यांवर येऊन उभी होती. दारं मात्र सगळ्यांची उघडी, आत पळायला.

"लावा," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली. तो खडखड आवाज आला आणि तिच्या हातातला पोळपाट खाली झुकला. तिने तो परत उचलला. ऐकलं. आवाज चढत नव्हता. सिद्रामने अगदी हळू पाय दाबला. चढला. पाय काढला. उतरला.

"कसं वाजतंय?" त्याने ओरडून विचारलं.

तिने पोळपाट तसाच धरून ठेवला. तोंड वळवून, त्याला ओठ दिसतील असं, म्हणाली, "तार वढा."

त्याने तार ओढली. इंजिन गप्प झालं. लगेच, सांगितल्याबरोबर. कुठेतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ते ऐकू आलं. चांगुणाने श्वास सोडला. कालपासूनचा नाही, फार जुना होता तो.

"परत," ती म्हणाली.

त्याने लावली. खडखड. तार ओढली. शांत.

"परत."

"अगं, तेजश्री वाट बघत आसंल."

"बघू दे. परत."

चौथ्यांदा की पाचव्यांदा गाडी बंद झाली, तेव्हा रामहरीला राहवलं नाही. "काकू," तो ओट्यावरून ओरडला, "गाडी चालवायला घेतलीय का बंद करायला?"

चांगुणाने पोळपाट छातीशी धरला.

"बंद करायला," ती म्हणाली, आणि सिद्रामकडे वळली. "लावा परत."